गुन्ह्याच्या कबुलीनंतर शिक्षेविरुद्धचे अपील

गुन्ह्याच्या कबुलीनंतर शिक्षेविरुद्धचे अपील म्हणजे फौजदारी खटल्यात आरोपीने न्यायालयासमोर गुन्हा कबूल केल्यावर आणि त्या कबुलीवरून त्याला दोषी ठरवल्यावर, दोषसिद्धीला आव्हान न देता केवळ शिक्षेचे प्रमाण किंवा शिक्षेची कायदेशीरता वरिष्ठ न्यायालयाकडून तपासून घेण्याची कायदेशीर तरतूद होय. भारतात ही तरतूद फौजदारी प्रक्रिया संहिता, १९७३ च्या कलम ३७५ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, २०२३ मध्ये ती कलम ४१६ मध्ये आली आहे. "एकदा गुन्हा कबूल केला की अपील करता येत नाही" हा सर्वसामान्य समज त्यामुळे अर्धाच खरा आहे. दोषी ठरवल्याविरुद्धचे अपील बंद होते, शिक्षेविरुद्धचे होत नाही.

या लेखात तरतुदीचा अर्थ, तिचा इतिहास, महाराष्ट्राशी संबंधित महत्त्वाचे खटले आणि पुणे जिल्ह्यातील मावळ तालुक्याच्या संदर्भात अपिलाचा मार्ग यांची माहिती दिली आहे. आवश्यक तेथे जुन्या व नव्या अशा दोन्ही संहितांचे कलम क्रमांक दिले आहेत.

तत्त्व

अपील हा नैसर्गिक हक्क नसून कायद्याने दिलेला हक्क आहे. कायद्यात अपिलाची तरतूद नसेल तर अपील चालत नाही. दोषसिद्धीविरुद्ध अपील करण्याचा सर्वसाधारण हक्क कलम ३७४ (नवे कलम ४१५) देते. कलम ३७५ हा त्याला अपवाद आहे. ज्याने स्वतःच गुन्हा केल्याचे मान्य केले, त्याने पुढे "मी गुन्हा केलाच नाही" असे म्हणत वरच्या न्यायालयात जाऊ नये, हा त्यामागील विचार आहे.

मात्र कबुली ही गुन्ह्याची असते, शिक्षेची नसते. शिक्षा किती द्यायची हे आरोपी ठरवत नाही, न्यायाधीश ठरवतो, आणि न्यायाधीशाचा निर्णय चुकू शकतो. म्हणून अपवादालाही एक अपवाद ठेवलेला आहे. सत्र न्यायालयाने किंवा प्रथम अथवा द्वितीय वर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने कबुलीवरून दोषी ठरवले असेल, तर शिक्षेचे प्रमाण आणि शिक्षेची कायदेशीरता या दोन मुद्द्यांवर अपील करता येते. उच्च न्यायालयाने स्वतः चालवलेल्या खटल्यात कबुलीवरून दोषी ठरवले असेल, तर या कलमान्वये शिक्षेविरुद्धही अपील नाही.

इतिहास

ही तरतूद ब्रिटिश काळापासून चालत आली आहे. फौजदारी प्रक्रिया संहिता, १८९८ च्या कलम ४१२ मध्ये जवळजवळ याच शब्दांत नियम होता. स्वातंत्र्यानंतर १९७३ च्या संहितेने तो कायम ठेवला आणि २०२३ च्या संहितेनेही त्याच्या मूळ स्वरूपात बदल केला नाही.

जुन्या संहितेच्या काळातील सर्वांत प्रसिद्ध कबुली महात्मा गांधींची आहे. 'यंग इंडिया'तील लेखांबद्दल राजद्रोहाच्या आरोपाखाली १८ मार्च १९२२ रोजी अहमदाबाद येथे सत्र न्यायाधीश ब्रूमफील्ड यांच्यासमोर खटला चालला. गांधींनी आरोप मान्य केला आणि कायद्यातील कडक शिक्षा द्यावी असे सांगितले. शिक्षेचे प्रमाण ठरवताना न्यायाधीशांनी लोकमान्य टिळकांना १९०८ मध्ये त्याच कलमाखाली झालेल्या सहा वर्षांच्या शिक्षेचा आधार घेतला आणि गांधींनाही सहा वर्षांची शिक्षा दिली. पुढे सरकारने ही मुदत कमी केली तर त्याचा आपल्याइतका आनंद कोणालाही होणार नाही, अशा आशयाचे उद्गारही त्यांनी काढले. गांधींनी अपील केले नाही. त्यांना पुण्याच्या येरवडा तुरुंगात ठेवण्यात आले. जानेवारी १९२४ मध्ये ससून रुग्णालयात त्यांच्यावर आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झाली आणि फेब्रुवारीत सरकारने त्यांची सुटका केली. गुन्हा मान्य असतानाही शिक्षेचे प्रमाण हा न्यायाधीशापुढचा स्वतंत्र प्रश्न असतो, हे या खटल्यातून स्पष्ट होते.

कबुली केव्हा ग्राह्य ठरते

पोलिसांसमोर किंवा तपासादरम्यान दिलेला जबाब आणि न्यायालयात दिलेली गुन्ह्याची कबुली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कलम ३७५ फक्त दुसऱ्या प्रकाराला लागू होते. आरोप वाचून व समजावून सांगितल्यावर "गुन्हा कबूल आहे का?" असा प्रश्न न्यायालय विचारते आणि त्याला आरोपीने दिलेले उत्तर ही कबुली असते.

खटल्याच्या प्रकारानुसार कबुलीची कलमे वेगळी आहेत. सत्र खटल्यासाठी कलम २२९ (नवे २५२), वॉरंट खटल्यासाठी कलम २४१ (नवे २६४) आणि समन्स खटल्यासाठी कलम २५२ (नवे २७५) लागू होते. या सर्व ठिकाणी न्यायालय कबुलीवरून दोषी ठरवू "शकते" असा शब्दप्रयोग आहे. म्हणजे कबुली आली तरी ती स्वीकारणे न्यायालयावर बंधनकारक नाही. किरकोळ गुन्ह्यांत आरोपीला प्रत्यक्ष हजर न राहता समन्सवर टपालाने कबुली व दंडाची रक्कम पाठवण्याचीही सोय आहे (कलम २०६ व २५३, नवी कलमे २२९ व २७६).

महंत कौशल्या दास विरुद्ध मद्रास राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कबुली शक्यतो आरोपीच्याच शब्दांत नोंदवली पाहिजे आणि हा नियम केवळ औपचारिक नाही, असे स्पष्ट केले. कोणत्या गोष्टी आरोपीने मान्य केल्या हे त्या शब्दांवरूनच अपील न्यायालयाला कळते. "गुन्हा कबूल" असा छापील शिक्का मारून आरोपीची सही घेणे त्यामुळे धोक्याचे ठरते. आरोपीला आरोप समजला नसेल, त्याने घटना मान्य करून त्याच वेळी बचावही मांडला असेल, किंवा मान्य केलेल्या गोष्टींनी गुन्हा पूर्णच होत नसेल, तर ती कायद्याच्या दृष्टीने कबुली ठरत नाही. अशा वेळी अपिलावरील बंधन लागू होत नाही असा युक्तिवाद करता येतो, किंवा पुनरीक्षणाच्या अधिकारात दोषसिद्धी रद्द होऊ शकते.

गंभीर गुन्ह्यांत न्यायालये अधिक सावध असतात. मृत्युदंडाची शक्यता असलेल्या खटल्यात केवळ कबुलीवरून दोषी न ठरवता पुरावा नोंदवण्याची प्रथा आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या मुंबई हल्ल्याच्या खटल्यात अजमल कसाब याने २० जुलै २००९ रोजी, साक्षीपुरावा चालू असताना, न्यायालयात कबुली दिली. विशेष न्यायाधीश एम. एल. ताहलियानी यांनी ती नोंदीवर घेतली. पण त्यात सर्व आरोप मान्य केलेले नसल्याने खटला पुढे चालू ठेवला. मे २०१० मध्ये निकाल लागला आणि त्यानंतर उच्च न्यायालय व सर्वोच्च न्यायालय अशा दोन्ही पातळ्यांवर दोषसिद्धी व शिक्षा या दोहोंची पूर्ण तपासणी झाली. कबुलीवर खटला संपवला गेला नसल्यामुळेच हे शक्य झाले.

पुण्यात १० ऑगस्ट १९८६ रोजी माजी लष्करप्रमुख जनरल अरुणकुमार वैद्य यांची हत्या झाली. त्या खटल्यातही दोन आरोपींनी न्यायालयात गोळीबाराची कबुली देणारी निवेदने दिली होती. तरीही सर्वोच्च न्यायालयाने १९९२ च्या निकालात त्या निवेदनांबरोबर स्वतंत्र पुराव्याचीही छाननी केली.

शिक्षेचे प्रमाण आणि शिक्षेची कायदेशीरता

कायद्यात हे दोन शब्द वेगवेगळ्या अर्थाने आले आहेत.

शिक्षेची कायदेशीरता म्हणजे अशी शिक्षा देण्याचा न्यायालयाला अधिकार होता का, हा प्रश्न. पुढील चुका या सदरात मोडतात:

• न्यायदंडाधिकाऱ्याने आपल्या अधिकारापेक्षा जास्त शिक्षा देणे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी जास्तीत जास्त तीन वर्षांचा कारावास देऊ शकतो. दंडाची मर्यादा पूर्वी १०,००० रुपये होती. नव्या संहितेत ती ५०,००० रुपये झाली आहे आणि समाजसेवेची शिक्षाही जोडली गेली आहे.
• संक्षिप्त पद्धतीने चालवलेल्या खटल्यात तीन महिन्यांपेक्षा जास्त कारावास देणे.
• दंड न भरल्यास भोगावयाचा कारावास मर्यादेबाहेर ठेवणे. गुन्ह्यासाठी कारावास आणि दंड दोन्ही असतील, तर हा कारावास त्या गुन्ह्याच्या कमाल कारावासाच्या एकचतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही.
• कायद्यात साधा कारावास असताना सश्रम कारावास देणे.

शिक्षेचे प्रमाण म्हणजे शिक्षा अधिकाराच्या मर्यादेत असूनही ती या गुन्ह्याला व या गुन्हेगाराला योग्य आहे का, हा प्रश्न. येथे आरोपीचे वय, पूर्वीचा गुन्हा नसणे, गुन्ह्याचे स्वरूप, झालेले नुकसान भरून दिले आहे का, कुटुंबाची अवस्था, खटल्यात गेलेला काळ आणि कबुली किती लवकर दिली या गोष्टी पाहिल्या जातात. भारतात शिक्षा ठरवण्यासाठी सविस्तर मार्गदर्शक तत्त्वे नाहीत, याची नोंद सर्वोच्च न्यायालयानेच पंजाब राज्य विरुद्ध प्रेम सागर (२००८) या निकालात घेतली आहे. त्यामुळे सारख्याच गुन्ह्याला दोन न्यायालयांत बऱ्याच वेगळ्या शिक्षा होऊ शकतात, आणि प्रमाणाविरुद्धच्या अपिलाचे महत्त्व वाढते.

कायद्याने किमान शिक्षा ठरवलेली असेल तर अपील न्यायालयही तिच्या खाली जाऊ शकत नाही. खास कारणे नोंदवून शिक्षा कमी करण्याची मुभा त्या कायद्यातच असेल तर गोष्ट वेगळी.

कबुलीबद्दल सवलत मिळते का

इंग्लंडमध्ये सुरुवातीलाच कबुली दिल्यास शिक्षेत साधारण एकतृतीयांश सूट देण्याचे मार्गदर्शक तत्त्व आहे. भारतात साध्या कबुलीसाठी असे ठरावीक प्रमाण नाही. उत्तर प्रदेश राज्य विरुद्ध चंद्रिका (१९९९) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने केवळ कबुली दिली म्हणून शिक्षा कमी करणे योग्य नाही, शिक्षा गुन्ह्याच्या गुणदोषांवरच ठरली पाहिजे, असे म्हटले. तरीही पश्चात्तापाचे लक्षण म्हणून कबुलीचा विचार न्यायालये करतात. फक्त किती सूट मिळेल हे आधी सांगता येत नाही.

कबुलीचे आमिष आणि शिक्षेत वाढ

"कबूल करा, थोडक्या दंडावर सुटाल" हे वाक्य न्यायालयांच्या आवारात नवे नाही. त्यातून निर्माण झालेल्या अन्यायाचा विचार सर्वोच्च न्यायालयाने तीन महत्त्वाच्या खटल्यांत केला.

पहिला खटला महाराष्ट्रातील आहे. मुरलीधर मेघराज लोया विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७६) मध्ये खुरासणीच्या तेलात शेंगदाण्याच्या तेलाची भेसळ केल्याचा आरोप होता. आरोपींनी गुन्हा कबूल केला आणि खालच्या न्यायालयाने सौम्य शिक्षा दिली. उच्च न्यायालयाने ती वाढवली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकालपत्रात अशा पडद्याआडच्या तडजोडींवर कडक टीका केली. त्यात खटल्याचा भार टळतो म्हणून सर्व संबंधितांची सोय होते, पण ज्या समाजाला भेसळीचा त्रास होतो तो त्या व्यवहारात कोठेच नसतो, असा त्या टीकेचा रोख होता.

कसमभाई अब्दुलरहमानभाई शेख विरुद्ध गुजरात राज्य (१९८०) मध्ये न्यायालयाने तडजोडीतून आलेल्या कबुलीवर आधारित दोषसिद्धी टिकू शकत नाही असे ठरवले. निरपराध माणूसही लांबलेल्या खटल्याच्या धास्तीने कबुली देऊन मोकळा होऊ पाहील, हा धोका न्यायालयाने दाखवून दिला.

तिप्पेस्वामी विरुद्ध कर्नाटक राज्य (१९८३) हा या विषयातील सर्वांत महत्त्वाचा निकाल मानला जातो. निष्काळजीपणाने मृत्यूस कारणीभूत झाल्याच्या आरोपात आरोपीने कबुली दिली आणि न्यायदंडाधिकाऱ्याने दंड केला. उच्च न्यायालयाने त्यात कारावासाची भर घातली. सौम्य शिक्षेच्या आश्वासनावर कबुली घ्यायची आणि नंतर अपिलात किंवा पुनरीक्षणात शिक्षा वाढवायची, हे राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ चे उल्लंघन आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. अशा वेळी शिक्षा वाढवायचीच असेल तर आधी दोषसिद्धी रद्द करून आरोपीला पूर्ण खटला लढण्याची संधी दिली पाहिजे, हा त्या निकालाचा सारांश आहे.

शिक्षा वाढवून मागण्याचे अपील सरकार कलम ३७७ (नवे ४१८) खाली करू शकते. आरोपीला म्हणणे मांडण्याची संधी दिल्याशिवाय शिक्षा वाढवता येत नाही आणि त्या सुनावणीत आरोपी निर्दोष सुटका किंवा शिक्षेत घट मागू शकतो. आरोपीच्या स्वतःच्या अपिलात मात्र कलम ३८६ (नवे ४२७) नुसार अपील न्यायालय शिक्षा वाढवू शकत नाही. पीडित व्यक्तीला अपुऱ्या शिक्षेविरुद्ध अपील करण्याचा स्वतंत्र हक्क नाही.

प्ली बार्गेनिंग आणि साधी कबुली

वरील निकालांनंतर विधी आयोगाने १९९१ च्या १४२ व्या अहवालात स्वतःहून कबुली देणाऱ्यांना सवलत देण्याची उघड व नियमबद्ध पद्धत सुचवली. पुढे २००५ च्या दुरुस्तीने फौजदारी प्रक्रिया संहितेत प्रकरण २१-अ घालण्यात आले आणि ५ जुलै २००६ पासून ते लागू झाले. नव्या संहितेत ही पद्धत कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना ती लागू होते. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे गुन्हे तसेच स्त्रिया व लहान मुले यांच्याविरुद्धचे गुन्हे वगळलेले आहेत. किमान शिक्षा ठरलेली असल्यास तिच्या निम्मी आणि इतर गुन्ह्यांत कमाल शिक्षेच्या एकचतुर्थांश शिक्षा देता येते. नव्या संहितेत प्रथमच गुन्हा करणाऱ्यांसाठी हे प्रमाण अनुक्रमे एकचतुर्थांश व एकषष्ठांश केले आहे.

अपिलाच्या दृष्टीने या दोन पद्धतींत मोठा फरक आहे. साध्या कबुलीनंतर शिक्षेविरुद्ध अपील करता येते. प्ली बार्गेनिंगच्या निकालाविरुद्ध मात्र अपीलच नाही. तो निकाल अंतिम असतो आणि त्याविरुद्ध फक्त सर्वोच्च न्यायालयात विशेष अनुमती याचिका (अनुच्छेद १३६) किंवा उच्च न्यायालयात रिट याचिका (अनुच्छेद २२६ व २२७) करता येते (कलम २६५-जी, नवे २९५). आपण कोणत्या पद्धतीने कबुली देत आहोत हे आरोपीला ठाऊक असणे त्यामुळे आवश्यक ठरते.

मावळ व लोणावळा परिसरातील संदर्भ

मावळ तालुक्याचे मुख्यालय वडगाव मावळ येथे असून तेथे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी न्यायालय आहे. लोणावळा शहर व परिसर पुणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत येतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, जुना महामार्ग, घाटातील लोहमार्ग, भुशी धरण, कार्ले, भाजे व बेडसे येथील लेणी आणि लोहगड, विसापूर, तुंग, तिकोना हे किल्ले यांमुळे येथे बाहेरून येणाऱ्यांची संख्या मोठी असते. या भागात कबुलीवर निकाली निघू शकणारे खटलेही त्यानुसारच असतात:

• मद्यपान करून वाहन चालवणे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार पहिल्या गुन्ह्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही.
• मनाई आदेशाचा भंग. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेल्यानंतर जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर मनाई आदेश काढले. अशा आदेशाचा भंग भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली येतो. साध्या प्रकारात सहा महिन्यांपर्यंत साधा कारावास किंवा २,५०० रुपयांपर्यंत दंड आणि जीविताला धोका निर्माण झाल्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा आहे. न्यायालयाला या गुन्ह्याची दखल संबंधित लोकसेवकाच्या लेखी तक्रारीवरूनच घेता येते.
• संरक्षित स्मारकांची नासधूस. प्राचीन स्मारके व पुरातत्त्वीय स्थळे व अवशेष अधिनियम, १९५८ च्या कलम ३० नुसार दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.
• विनाकारण साखळी ओढणे, रूळ ओलांडणे यांसारखे रेल्वे कायद्याखालील गुन्हे.

वडगावच्या न्यायदंडाधिकाऱ्याने दिलेल्या शिक्षेविरुद्धचे अपील सत्र न्यायालयाकडे जाते. सत्र न्यायालयाने दिलेल्या शिक्षेविरुद्धचे अपील मुंबई उच्च न्यायालयाच्या मुंबईतील मुख्य पीठाकडे जाते. १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेल्या कोल्हापूर खंडपीठाच्या क्षेत्रात पुणे जिल्हा नाही.

अतिकिरकोळ शिक्षांना अपील नाही. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने केवळ १०० रुपयांपर्यंत दंड केला असेल, किंवा संक्षिप्त खटल्यात केवळ २०० रुपयांपर्यंत दंड केला असेल, तर अपील करता येत नाही (कलम ३७६; नवे ४१७). या रकमा फार जुन्या असल्याने आजचे बहुतेक दंड त्यापेक्षा जास्त असतात.

एक काल्पनिक उदाहरण

वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने मावळातील संरक्षित लेण्याच्या भिंतीवर नाव कोरले आणि न्यायालयात पहिल्याच तारखेला वकिलाशिवाय गुन्हा कबूल केला, असे समजू. न्यायालयाने त्याला तीन महिन्यांचा कारावास व दंड, आणि दंड न भरल्यास आणखी आठ महिने कारावास दिला. नाव कोरले नव्हते असे त्याला आता म्हणता येणार नाही. पण पुढील दोन मुद्द्यांवर अपील होऊ शकते.

पहिला मुद्दा कायदेशीरतेचा. कमाल कारावास दोन वर्षांचा असल्याने दंडाऐवजीचा कारावास सहा महिन्यांपेक्षा जास्त असू शकत नाही. आठ महिन्यांचा आदेश बेकायदेशीर आहे. दुसरा मुद्दा प्रमाणाचा. गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम, १९५८ च्या कलम ६ नुसार एकवीस वर्षांखालील गुन्हेगाराला, परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल पाहून व कारणे नोंदवल्याशिवाय, तुरुंगात पाठवता येत नाही. हा विचार खालच्या न्यायालयाने केला नसेल तर अपील न्यायालय तो करू शकते, कारण कलम ११ अपील न्यायालयालाही तोच अधिकार देते. रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य (१९६५) या निकालाने हे पक्के केले आहे. ताकीद देऊन किंवा चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सुटका झाल्यास त्याच अधिनियमाचे कलम १२ दोषसिद्धीमुळे येणाऱ्या अपात्रतेपासून संरक्षण देते. सरकारी नोकरीच्या वाटेवर असलेल्या तरुणासाठी तीन महिन्यांच्या कारावासाइतकेच हे संरक्षणही महत्त्वाचे असते.

अपिलाची पद्धत

मुदत: मुदत अधिनियम, १९६३ च्या अनुच्छेद ११५ नुसार सत्र न्यायालयातील अपिलासाठी ३० दिवस आणि उच्च न्यायालयातील अपिलासाठी ६० दिवस मिळतात. मृत्युदंडाच्या बाबतीत ३० दिवस. निकालाची नक्कल मिळण्यास लागलेले दिवस यातून वगळले जातात. पुरेसे कारण दाखवल्यास उशीर माफ होऊ शकतो.

नक्कल: कारावासाची शिक्षा झाल्यास निकालाची प्रत आरोपीला लगेच व विनामूल्य दिली पाहिजे (कलम ३६३, नवे ४०४).

शिक्षेस स्थगिती: लहान शिक्षा अपिलाची सुनावणी होण्यापूर्वीच भोगून संपण्याचा धोका असतो. आरोपी जामिनावर असेल आणि शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल, तर शिक्षा देणारे न्यायालयच अपील दाखल करण्यापुरता जामीन देते, पुढे अपील न्यायालय शिक्षेला स्थगिती देऊ शकते (कलम ३८९, नवे ४३०).

तुरुंगातून अपील: कैदी अपिलाचा अर्ज तुरुंगाधिकाऱ्याकडे देऊ शकतो आणि तो न्यायालयाकडे पाठवणे हे त्या अधिकाऱ्याचे काम आहे (कलम ३८३, नवे ४२४).

विधी साहाय्य: कोठडीत असलेल्या व्यक्तींना, स्त्रियांना, बालकांना, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना आणि ठरावीक उत्पन्नमर्यादेखालील इतरांना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार मोफत वकील मिळतो. त्यासाठी तालुका विधी सेवा समिती किंवा पुणे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो.

नक्कल व विधी साहाय्य या दोन हक्कांचा पाया महाराष्ट्रातीलच एका खटल्याने घातला. एम. एच. हॉसकॉट विरुद्ध महाराष्ट्र राज्य (१९७८) मध्ये सत्र न्यायालयाने दिलेली न्यायालय उठेपर्यंतची कैद उच्च न्यायालयाने तीन वर्षांपर्यंत वाढवली होती. निकालाची प्रत कैद्यापर्यंत पोहोचल्याचा पुरावा नव्हता आणि सर्वोच्च न्यायालयात येण्यास काही वर्षांचा उशीर झाला होता. शिक्षेत कपात झाली नाही. परंतु निकालाची मोफत प्रत आणि अपिलासाठी वकिलाची मदत हे अनुच्छेद २१ मधील न्याय्य पद्धतीचे भाग आहेत, असे न्यायालयाने जाहीर केले.

अपील न्यायालयाचे अधिकार

शिक्षेविरुद्धच्या अपिलात न्यायालय शिक्षा कमी करू शकते, तिचा प्रकार बदलू शकते (उदाहरणार्थ कारावासाऐवजी दंड), परिवीक्षेवर सोडू शकते, किंवा अपील फेटाळू शकते. खटल्यादरम्यान कोठडीत घालवलेले दिवस शिक्षेतून वजा होतात (कलम ४२८, नवे ४६८). अनेक गुन्ह्यांच्या शिक्षा एकामागून एक न भोगता एकत्र भोगण्याचा आदेशही मागता येतो. खालच्या न्यायालयाचा निर्णय केवळ थोडा कडक वाटतो म्हणून अपील न्यायालये सहसा हस्तक्षेप करत नाहीत. शिक्षा उघडपणे विसंगत आहे, महत्त्वाची बाब लक्षात घेतली गेली नाही किंवा कायद्याची चूक झाली आहे, हे दाखवावे लागते.

ज्या प्रकरणात अपील करता आले असते पण केले नाही, तेथे त्याच पक्षाच्या अर्जावरून पुनरीक्षण चालत नाही (कलम ४०१, नवे ४४२). अपिलाची मुदत पाळणे त्यामुळे अधिकच महत्त्वाचे आहे.

इतर देशांत

इंग्लंड व वेल्समध्ये मॅजिस्ट्रेट न्यायालयात कबुली दिलेल्या आरोपीला १९८० च्या मॅजिस्ट्रेट्स कोर्ट्स कायद्याच्या कलम १०८ नुसार क्राउन न्यायालयात केवळ शिक्षेविरुद्ध अपील करता येते. मात्र तेथे क्राउन न्यायालय मॅजिस्ट्रेटच्या अधिकारमर्यादेपर्यंत शिक्षा वाढवूही शकते. भारतात आरोपीच्या स्वतःच्या अपिलात शिक्षा वाढवण्यास मनाई असल्याने, शिक्षा कमी करून मागणाऱ्याला ती जोखीम पत्करावी लागत नाही.